पगारपत्रकाची चोरी आणि नोकरदाराचे हक्क

घरफोडी झाली की घरधन्यास ती उजाडताच कळते. दार उघडे असते, पेट्या उलथ्यापालथ्या पडलेल्या असतात, आणि काय गेले व काय राहिले याची मोजदाद दोन घटकांत होऊन जाते. माहितीच्या चोरीचा प्रकार याहून अगदी निराळा आहे. येथे चोर नक्कल घेऊन जातो आणि मूळ जिन्नस जागच्या जागी राहतो. कपाटास कुलूप असते, यंत्र नित्याप्रमाणे चालू असते, आणि ज्याची माहिती गेली तो मनुष्य कित्येक महिने निर्धास्त झोप घेत असतो. शिवाय चोरीस गेलेली भांडी पोलिसांनी हस्तगत केली म्हणजे ती पुनः आपली होतात. परंतु एकदा चव्हाट्यावर गेलेले गुपित कोणताही शिपाई परत आणून देऊ शकत नाही. म्हणूनच अशा चोरीनंतर कायदा आपणांस काय देतो आणि आपण स्वतः काय करावयाचे, हे दोन्ही प्रश्न बरोबरच शिकावे लागतात.

त्यातही नोकरदाराची स्थिती अधिक नाजूक असते. दुकानदाराने नाव व पत्ता विचारला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊ शकते. नोकरीवर रुजू होणाऱ्या मनुष्यास ती मोकळीक नसते. त्याची जन्मतारीख, घरचा पत्ता, बँकेचा खातेक्रमांक, पॅन व आधार, भविष्यनिर्वाह निधीसाठी वारस म्हणून दिलेली बायकामुलांची नावे, आजारपणाची रजा घेतल्यास डॉक्टराचा दाखला, हे सर्व कचेरीच्या स्वाधीन करावेच लागते. मागितलेली माहिती न दिल्यास पगार निघत नाही. ज्याने ही माहिती सक्तीने घेतली त्याच्यावर ती राखण्याचा भारही तितकाच मोठा असला पाहिजे, हे कोणाही विचारी मनुष्यास पटेल. पण हा भार कायद्याच्या दृष्टीने कोठवर जातो? या प्रश्नाचा सांगोपांग विचार इंग्लंडातील एका खटल्यात झाला. तो खटला आम्ही प्रथम सांगतो, आणि मग आपल्या देशातील कायद्याकडे वळतो.

यॉर्कशायर परगण्यातील ब्रॅडफर्ड शहरी मॉरिसन्स नावाच्या कंपनीची मुख्य कचेरी आहे. किराणा मालाची शेकडो दुकाने चालविणारी ही कंपनी असून तिच्या पदरी लाखाहून अधिक माणसे होती. तेथील हिशेबतपासणीच्या खात्यात काम करणाऱ्या एका वरिष्ठ नोकरास २०१३ च्या जुलैत किरकोळ गैरवर्तनाबद्दल तोंडी ताकीद मिळाली. ताकीद लहान होती. पण तिचा राग त्याने मनात धरिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाहेरील हिशेबतपासनिसांनी कंपनीकडे पगारपत्रक मागितले आणि ते पोहोचते करण्याचे काम याच मनुष्याकडे आले. त्याने ते नेमून दिल्याप्रमाणे पोहोचविले. परंतु स्वतःसाठी एक नक्कल गुपचूप काढून ठेविली. १२ जानेवारी २०१४ रोजी त्याने ९८,९९८ नोकरांची नावे, पत्ते, जन्मतारखा, दूरध्वनिक्रमांक, राष्ट्रीय विम्याचे क्रमांक, बँकखाती व पगार यांची यादी इंटरनेटवर सर्वांस पाहता येईल अशा ठिकाणी चढविली. संशय दुसऱ्याच एका सहकाऱ्यावर जावा, अशीही तजवीज त्याने केली होती.

दोन महिने कोणास काही कळले नाही. १३ मार्च रोजी कंपनीचा वार्षिक नफातोटा जाहीर व्हावयाचा होता. नेमका तोच दिवस साधून त्याने आपण कोणी काळजीवाहू नागरिक आहो असे भासवून ती यादी तीन वर्तमानपत्रांकडे निनावी पाठविली. तिन्ही पत्रांनी ती छापली नाही, आणि त्यांपैकी एकाने कंपनीस वर्दी दिली. त्यानंतर कंपनीने काही तासांतच ती यादी इंटरनेटवरून काढविण्याची व्यवस्था केली, पोलिसांस कळविले, नोकरांस सांगितले आणि त्यांच्या नावावर कोणी लबाडी करू नये म्हणून उपाय योजिले. या सर्व खटाटोपास कंपनीस २२ लाख ६० हजार पौंडांहून अधिक खर्च आला. त्यातील मोठा भाग नोकरांच्या संरक्षणाकडे लागला. गुन्हेगारास २०१५ साली आठ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही चोरीच्या हकीकतीसारखी आहे. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. नऊ हजारांहून अधिक आजीमाजी नोकरांनी कंपनीवर दावा लाविला. आमची माहिती तुमच्या कचेरीतून व तुमच्या नोकराच्या हातून बाहेर गेली, आम्हांस मनस्ताप झाला, तेव्हा भरपाई तुम्ही द्या, असे त्यांचे म्हणणे होते. यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत आणि विद्यार्थ्यांनी ते वेगळे ओळखावयास शिकले पाहिजे. पहिला प्रश्न असा की, कंपनीने स्वतः हयगय केली काय? दुसरा असा की, कंपनीची स्वतःची हयगय नसली तरी नोकराच्या अपराधाचे उत्तर धन्याने द्यावे काय?

पहिल्या प्रश्नाचा निकाल खालच्या न्यायालयात २०१७ साली झाला. कंपनीने ठेविलेला बंदोबस्त एकंदरीत पुरेसा होता, असे न्यायाधीशांस आढळले. एक उणीव मात्र त्यांनी दाखविली. काम संपल्यावर अशी माहिती नोकराच्या यंत्रातून पुसून टाकिली गेली की नाही हे पाहण्याची नीट पद्धत कंपनीपाशी नव्हती. तथापि ही उणीव नसती तरी चोरी टळली नसती, असे ठरल्यामुळे कंपनीची थेट जबाबदारी शाबीत झाली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे मर्म एका साध्या उदाहरणाने समजेल. एखाद्या व्यापाऱ्याचा गाडीवान धन्याचा माल बाजारात नेत असता त्याच्या निष्काळजीपणाने कोणास इजा झाली, तर भरपाई व्यापाऱ्याने द्यावी हा न्याय आहे. कारण गाडीवान त्या वेळी धन्याचेच काम करीत होता. पण त्याच गाडीवानाने रात्री न विचारता गाडी काढून आपल्या वैऱ्याच्या कुंपणावर घातली, तर त्याचे उत्तर त्यानेच दिले पाहिजे. आता पगारपत्रक बाहेर टाकणारा मनुष्य यांपैकी कोणता? खालच्या न्यायालयाने त्यास पहिल्या गाडीवानासारखा मानिले, आणि २०१८ साली अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. परंतु १ एप्रिल २०२० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे निकाल फिरविले. पगारपत्रक हिशेबतपासनिसांस देणे हे त्याचे काम होते. ते जगजाहीर करणे हे त्याच्या कामाचा भाग नव्हते. तो धन्याचे काम करीत नसून धन्यावर सूड उगवीत होता. यास्तव धनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र अशा प्रकरणांत धनी कधीच जबाबदार होऊ शकत नाही, हा कंपनीचा दुसरा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. तेव्हा एखाद्या नोकराने सूडबुद्धीने नव्हे तर आपले नेमलेले काम करीत असता गफलतीने माहिती बाहेर जाऊ दिली, तर निकाल वेगळा होऊ शकतो. कंपनीची स्वतःची हयगय शाबीत झाली तर ती अर्थातच सुटत नाही.

या खटल्यातून आम्हांस जो बोध घ्यावासा वाटतो तो असा. कित्येक वर्षे झगडून त्या नऊ हजारांस या दाव्यात कंपनीकडून भरपाई मिळाली नाही. त्यांच्या उपयोगी जे पडले ते पहिल्या काही तासांत केलेले काम होय : यादी काढविणे, नोकरांस कळविणे, खात्यांवर पहारा बसविणे. न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याचा हक्क मौल्यवान आहे, आणि तो सोडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या हक्काच्या भरवशावर हात जोडून बसणाऱ्याचे रक्षण तो हक्क करीत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की, खासगीपणा हा घटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांपैकी आहे. हा पाया झाला. पण सामान्य नोकरदारास पायापेक्षा पायरीची गरज अधिक असते, म्हणजे कोठे जावे व काय मागावे हे कळावे लागते.

सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पुढे ४३अ हे कलम घालण्यात आले. व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेने आपल्या यंत्रांतील नाजूक खासगी माहिती राखण्यात हयगय केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी असे हे कलम सांगते. २०११ च्या नियमांप्रमाणे बँकखाते, पासवर्ड, प्रकृतीविषयीची माहिती, बोटांचे ठसे यांसारख्या गोष्टी नाजूक माहितीत मोडतात. नुसते नाव व पत्ता मोडत नाहीत. पाच कोटी रुपयांपर्यंतचा असा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवापुढे चालतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणाऱ्यास याच कायद्याच्या ६६क कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कलमे त्यापुढे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाची असे त्यांत ठरविले आहे. नोकरीच्या कामापुरती माहिती नोकराच्या संमतीवाचूनही धन्यास वापरता येईल, असे हा कायदा म्हणतो. परंतु ती सुरक्षित राखण्याचे बंधन धन्यावर घालतो. माहिती फुटल्यास माहिती संरक्षण मंडळास आणि ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येकास विलंब न लावता कळविले पाहिजे. काय फुटले, केव्हा फुटले, त्याचा परिणाम काय होईल, संस्थेने कोणते उपाय केले, त्या मनुष्याने स्वतः काय करावे आणि शंका कोणास विचारावी, हे सर्व सोप्या भाषेत सांगितले पाहिजे. बंदोबस्तात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि न कळविणाऱ्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल.

हे आकडे वाचून नोकरदाराने मात्र हुरळून जाऊ नये. हा दंड सरकारी तिजोरीत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरी त्यातील एक पैही पडत नाही. इतकेच नव्हे, तर नवी कलमे लागू होताच भरपाई देणारे ते जुने ४३अ कलम रद्द व्हावयाचे आहे. म्हणजे कळविले जाण्याचा हक्क बळकट होत असून भरपाईचा सोपा मार्ग बंद होत आहे. इंग्लंडातील खटल्याने जे शिकविले तेच आपला कायदाही निराळ्या वाटेने शिकवितो : बातमी कळताच जो जागा होईल, त्यालाच तिचा उपयोग.

तर जागे होऊन करावयाचे काय? आमच्या मते पुढील क्रम प्रत्येक घरात माहीत असावा.

माहिती फुटल्याचा निरोप आला म्हणजे तो खरा आहे याची प्रथम खात्री करावी. चोरीच्या बातमीचा फायदा घेऊन दुसरे चोर खोटे निरोप धाडतात. निरोपातील दुव्यावर बोट न ठेवता कचेरीत स्वतः जाऊन किंवा नेहमीच्या क्रमांकावर विचारावे.

निरोप खरा ठरल्यास धन्याकडे लेखी विचारणा करावी की, माझी कोणती माहिती गेली, केव्हा गेली व आपण कोणती तजवीज केली. उत्तर जपून ठेवावे. पुढे दावा करावयाचा झाल्यास हाच कागद बोलतो. एका वहीत तारीखवार टिपण ठेवावे : कोणास केव्हा कळविले, कोण काय म्हणाला, किती खर्च पडला. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

त्याच दिवशी पासवर्ड बदलावेत. आरंभ ई-मेलपासून करावा, कारण बाकीच्या सर्व कुलुपांच्या किल्ल्या बहुधा तेथेच येतात. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरला असेल तर चारही ठिकाणी वेगवेगळा करावा, आणि जेथे दुहेरी पडताळणीची सोय असेल तेथे ती चालू करावी.

बँकेस कळवून प्रत्येक व्यवहाराची सूचना दूरध्वनीवर येईल अशी व्यवस्था ठेवावी आणि लहान रकमांकडेही लक्ष द्यावे. चोर कित्येकदा दहावीस रुपयांनी चाचपून पाहतो. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसता तिसऱ्याच ठिकाणच्या गळतीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेस कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. चोरास आपला ओटीपी स्वतःच सांगणाऱ्यास मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही.

आधारक्रमांक गेला असल्यास आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून आपल्या ठशांस कुलूप घालता येते. पॅन गेला असल्यास आपल्या नावावर कोणी कर्ज तर काढिले नाही ना, हे पाहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पतअहवाल फुकट मिळण्याचा हक्क आपणांस आहे; पुष्कळांस तो ठाऊकच नसतो. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत हे दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसते. आपल्या मोबाइलची सेवा कारणावाचून एकाएकी बंद पडली, तर तीही धोक्याची खूण समजून लगोलग कंपनीस विचारावे.

पैसे गेलेच तर एक क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, बँकेस सांगावे व पोलिसांत तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात अडकलेली असेपर्यंतच ती थोपविता येते.

शेवटची गोष्ट अशी की, पासवर्ड बदलता येतो पण जन्मतारीख बदलता येत नाही. पहिल्या आठवड्याची सावधगिरी तिसऱ्या महिन्यात ढिली पडते, आणि चोर त्याचीच वाट पाहत असतो. तेव्हा अशी चोरी झाल्यावर निदान काही वर्षे पतअहवाल नेमाने पाहण्याची सवय ठेवावी.

आमच्या वाचकांत नोकरी करणारे पालक आहेत तसेच दोनचार माणसांस पदरी ठेवणारे दुकानदार व कारखानदारही आहेत. त्यांस आमची विनंती अशी की, नोकरांच्या आधारच्या नकला गल्ल्याखालच्या खणात पडू देऊ नयेत आणि पगाराची यादी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर धाडू नये. काम संपलेला कागद फाडावा, संपलेली यादी पुसावी. मॉरिसन्सच्या खटल्यात न्यायाधीशांनी दाखविलेली उणीव हीच होती. जी माहिती जवळ नाही ती चोरीस जात नाही.

आणि विद्यार्थ्यांस एक शब्द. त्या तीन वर्तमानपत्रांकडे पुनः पाहा. नव्व्याण्णव हजार माणसांचे पगार त्यांच्या टेबलावर येऊन पडले होते. छापले असते तर अंक हातोहात खपला असता. त्यांनी ते छापले नाहीत, आणि एकाने ज्याचे घर फुटले त्यास जाऊन उठविले. म्हणूनच पुढचे सारे उपाय होऊ शकले. वर्गातील एखाद्याचे गुणपत्रक, शिक्षकांच्या पगाराचा कागद किंवा शेजाऱ्याच्या आजाराचा दाखला उद्या तुमच्या मोबाइलवर कोणी धाडील. तो पुढे ढकलण्यास अर्धा पळही लागत नाही, आणि तो पुढे ढकलणारा प्रत्येक हात मूळ चोराचेच काम पुरे करीत असतो. असा कागद आला तर तो कोणास दाखवू नका. ज्याचा आहे त्यास त्याच दिवशी सांगा, आणि मग पुसून टाका.